हॅश सेट: घटक घातलेला आहे, तरी शोधल्यावर "नाही" का येते?

हॅश सेट प्रत्येक घटक एकदाच ठेवतो, आणि घटकापासून काढलेल्या संख्येवरून (हॅशवरून) त्याची अॅरेतली जागा ठरवतो. स्वतः लिहिलेला हॅश सेट पहिल्या दहा-वीस घटकांपर्यंत बिनबोभाट चालतो. काही घटक काढले, काही पुन्हा घातले की गडबड सुरू होते. नुकताच घातलेला घटक सापडत नाही. तोच घटक दोनदा बसतो आणि आकार एकने जास्त दिसतो. काढून टाकलेला घटक अॅरे मोठा झाल्यावर परत उगवतो. कधी शोध संपतच नाही आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो.

लक्षणे चार असली तरी दुखणे बहुतेक वेळा एकच असते. खालचे सगळे विवेचन ओपन अॅड्रेसिंग आणि लिनिअर प्रोबिंग वापरणाऱ्या सेटबद्दल आहे: एकच अॅरे, टक्कर झाली (ठरलेला स्लॉट, म्हणजे अॅरेतली जागा, आधीच भरलेला निघाला) की पुढचा स्लॉट, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा, आणि शेवट आला की पुन्हा ० पासून. नवशिक्यांचा सेट बहुधा असाच असतो, कारण लिहायला तो सर्वांत सोपा वाटतो. घटक घालणे आणि शोधणे खरोखरच सोपे आहे. काढणे तेवढे सोपे नाही.

सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे. घटकाची मूळ जागा (हॅशवरून निघणारा पहिला स्लॉट) आणि तो प्रत्यक्ष बसलेली जागा, या वाटेत एकही रिकामा स्लॉट असता कामा नये. शोध मूळ जागेपासून निघतो आणि रिकामा स्लॉट दिसताच "नाही" म्हणून थांबतो. त्याने थांबायलाच हवे, नाहीतर प्रत्येक "नाही"साठी सगळा अॅरे फिरावा लागेल. म्हणून "घटक हरवला" असे दिसले की पहिला प्रश्न हा: त्याच्या वाटेत रिकामी जागा कोणी पाडली?

आधी तपासणी लिहा, मग चूक शोधा

कोड वाचत बसण्यापेक्षा हा नियमच प्रोग्रामला तपासायला लावा. प्रत्येक स्लॉटची स्थिती वेगळ्या अॅरेत ठेवा: ० म्हणजे रिकामा, १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे टूमस्टोन (तो कशासाठी, ते पुढे येते). घटकांच्या अॅरेतल्या शून्यालाच "रिकामा" मानू नका. तसे केले तर ० हा घटक घातला तरी सापडत नाही, वर त्याच्या जागी दुसरा कोणी येऊन बसतो. जावात नवा अॅरे शून्यांनी भरलेलाच मिळतो. सी मध्ये स्थितीचा अॅरे मॅलॉकने घेतला तर त्यात कचरा असतो, तिथे कॅलॉक वापरा. खालच्या कोडमध्ये क्षमता म्हणजे एकूण स्लॉट आणि मास्क म्हणजे क्षमता - १; मास्क लावला की शेवटच्या स्लॉटनंतर पुन्हा ० येतो.

    तपासणी():
        मोजले = ०, भरले = ०
        जागा ० पासून क्षमता - १ पर्यंत:
            स्थिती[जागा] रिकामी नसेल तर भरले += १
            स्थिती[जागा] जिवंत असेल तर:
                मोजले += १
                प = मूळ_जागा(घटक[जागा])
                जोवर प != जागा:
                    स्थिती[प] रिकामी → "वाट तुटली", थांबा
                    स्थिती[प] जिवंत आणि घटक[प] == घटक[जागा] → "दुहेरी", थांबा
                    प = (प + १) & मास्क
        मोजले == आकार नसेल → "आकार चुकला"
        भरले == क्षमता असेल → "एकही रिकामा नाही"

प्रत्येक घालण्या-काढण्यानंतर ही तपासणी चालवा. ती हळू आहे, पण चूक जिथे *दिसली* तिथे नव्हे, तर जिथे *झाली* तिथे बोट ठेवते. यातला फरक मोठा आहे: वाट तुटते काढताना आणि घटक हरवल्याचे कळते शंभर क्रियांनंतर शोधताना.

काढताना स्लॉट नुसता रिकामा केला

बहुतेक वेळा चूक हीच असते. क्षमता ८ घ्या आणि मूळ जागा म्हणजे संख्येचे खालचे तीन बिट. ३, ११ आणि १९ घाला. तिघांची मूळ जागा ३ आहे, म्हणून ते अनुक्रमे स्लॉट ३, ४, ५ मध्ये बसतात. आता ११ काढा आणि स्लॉट ४ रिकामा करा. १९ शोधा: स्लॉट ३ मध्ये ३ आहे, पुढे चला, स्लॉट ४ रिकामा, थांबा, "नाही". १९ तर स्लॉट ५ मध्ये जिवंत बसलेला आहे.

पुढचे परिणाम पाहा, म्हणजे बाकीची लक्षणे कुठून येतात ते कळेल. "नाही" आले म्हणून कोणी १९ पुन्हा घातला तर तो स्लॉट ४ मध्ये बसतो, म्हणजे सेटमध्ये १९ दोनदा. मग १९ काढला की स्लॉट ४ रिकामा होतो आणि शोध "नाही" म्हणतो, म्हणजे सगळे ठीक वाटते. पण स्लॉट ५ मधला १९ तसाच आहे. अॅरे १६ चा करताना जुन्या अॅरेतले सगळे जिवंत घटक नव्यात घातले जातात, आणि काढलेला १९ पुन्हा हजर. अशा वेळी लोक अॅरे वाढवण्याचा कोड तपासत बसतात. तो बिचारा निर्दोष असतो.

उपाय दोन आहेत: टूमस्टोन ठेवणे किंवा पुढचे घटक मागे सरकवणे.

टूमस्टोन: लिहायला सोपा, हिशेबाला कडक

काढलेल्या स्लॉटची स्थिती रिकामी न करता टूमस्टोन करा. शोध त्याला ओलांडून पुढे जातो आणि वाट तुटत नाही. यात दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक घालताना होते. टूमस्टोन दिसला की लगेच नवा घटक तिथे बसवला जातो. वरच्याच उदाहरणात ११ काढल्यावर स्लॉट ४ टूमस्टोन झाला. आता १९ घालायला सांगितले आणि कोडने तो ४ मध्ये बसवला, तर ५ मधल्या १९ कडे कोणी पाहिलेच नाही. पहिल्या टूमस्टोनची जागा नुसती लक्षात ठेवा, रिकामा स्लॉट येईपर्यंत शोध पूर्ण करा, घटक नाहीच अशी खात्री झाल्यावर त्या जागी परत या.

दुसरी चूक मोजणीची, आणि न संपणारा शोध इथून येतो. क्षमता ८ च्या सेटमध्ये ० घाला, काढा. १ घाला, काढा. असे ७ पर्यंत करा. जिवंत घटक शून्य, आकार शून्य, आणि आठही स्लॉट टूमस्टोन. आता ८ शोधा. रिकामा स्लॉटच नाही, थांबायचे कुठे? अॅरे वाढवायची अट `आकार` वर लावली असेल तर ती कधीच लागू होणार नाही, कारण आकार एकच्या वर गेलाच नाही. रांगेसारखा वापर असला, म्हणजे सतत नवे येते आणि जुने जाते, तर हे हटकून घडते.

म्हणून दोन वेगळे आकडे ठेवा: `आकार` म्हणजे फक्त जिवंत, `भरलेले` म्हणजे जिवंत अधिक टूमस्टोन. अट `भरलेले` वर लावा.

    घाल(नवा):
        (भरलेले + १) * ४ > क्षमता * ३ असेल तर पुन्हा_मांड()
        जागा = मूळ_जागा(नवा)
        मोकळी = -१
        जोवर स्थिती[जागा] रिकामी नाही:
            जिवंत आणि घटक[जागा] == नवा → परत खोटे
            टूमस्टोन आणि मोकळी == -१ → मोकळी = जागा
            जागा = (जागा + १) & मास्क
        मोकळी != -१ असेल तर जागा = मोकळी
        नाहीतर भरलेले += १
        घटक[जागा] = नवा, स्थिती[जागा] = जिवंत
        आकार += १
        परत खरे

टूमस्टोनच्या जागी बसताना `भरलेले` वाढत नाही आणि घटक काढताना ते कमी होत नाही. इथे बेरीज चुकली की अट आधी तरी लागते नाहीतर कधीच लागत नाही. `पुन्हा_मांड` मध्ये `आकार * २ >= क्षमता` असेल तर क्षमता दुप्पट करा; नसेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा अॅरे घेऊन फक्त जिवंत घटक बसवा. नेहमीच दुप्पट केले तर दहा घटकांच्या सेटला लाख स्लॉटचा अॅरे झालेला दिसेल.

तीन चतुर्थांशाची मर्यादा का? डोनाल्ड कनूथ यांनी १९६३ मध्ये लिनिअर प्रोबिंगचे गणित मांडले. अॅरे किती भरला हे अ (० ते १) मानले तर नसलेला घटक शोधायला सरासरी (१ + १/(१ - अ)²) / २ स्लॉट पाहावे लागतात. अर्धा भरलेला असताना २.५, पाऊण भरलेला असताना ८.५ आणि ९० टक्के भरलेला असताना ५०.५. पाऊणच्या पुढे जागा वाचवण्यात अर्थ उरत नाही. या गणितात टूमस्टोनही भरलेलेच धरायचे.

मागे सरकवणे: टूमस्टोनशिवाय

काढणे वारंवार होत असेल तर हा मार्ग चांगला. काढल्याने पडलेला खड्डा, पुढे बसलेल्या ज्या घटकाला तिथे येणे चालेल, त्याने भरायचा. मग त्याने सोडलेला खड्डा तसाच भरायचा, रिकामा स्लॉट येईपर्यंत.

    खड्डा = काढलेल्या घटकाची जागा
    पुढे = खड्डा
    अखंड:
        पुढे = (पुढे + १) & मास्क
        स्थिती[पुढे] रिकामी → बाहेर पडा
        मूळ = मूळ_जागा(घटक[पुढे])
        ((पुढे - मूळ) & मास्क) >= ((पुढे - खड्डा) & मास्क) असेल तर:
            घटक[खड्डा] = घटक[पुढे]
            खड्डा = पुढे
    स्थिती[खड्डा] = रिकामी
    आकार -= १

अटीचा अर्थ: हा घटक आपल्या मूळ जागेपासून जितका लांब आलाय, ते अंतर खड्ड्यापासूनच्या अंतराएवढे किंवा त्याहून जास्त असेल, तर खड्डा त्याच्या वाटेवरच आहे, त्याला हलवा. कमी असेल तर खड्डा त्याच्या मूळ जागेच्या आधी येतो. तिथे हलवला तर तो कधीच सापडणार नाही.

इथली पहिली फसगत: न हलणारा घटक भेटताच थांबणे. क्षमता ८, ३ स्लॉट ३ मध्ये, ११ स्लॉट ४ मध्ये, ५ स्लॉट ५ मध्ये, आणि १९ वाट काढत स्लॉट ६ मध्ये. ११ काढा. स्लॉट ५ मधला ५ आपल्या मूळ जागीच आहे, तो हलणार नाही. तिथे थांबलात तर स्लॉट ४ रिकामा राहतो आणि १९ हरवतो. पुढे पाहिले असते तर १९ चे मूळ जागेपासूनचे अंतर ३, खड्ड्यापासूनचे २, म्हणजे तो ४ मध्ये यायलाच हवा. "लगेच थांबा" हा नियम रॉबिन हूड पद्धतीत (लिनिअर प्रोबिंगचाच एक प्रकार) बरोबर असतो, कारण तिथे घटक मूळ जागेच्या क्रमाने लागलेले असतात. तिथला काढण्याचा कोड साध्या प्रोबिंगला चिकटवला की हेच होते.

दुसरी फसगत अॅरेच्या टोकाची. `मूळ <= खड्डा` अशी सरळ तुलना केली तर मधल्या स्लॉटना ती चालते आणि वळणावर घात करते. ७, १५, २३ घाला: स्लॉट ७, ०, १. आता ७ काढा. १५ स्लॉट ७ मध्ये येतो, खड्डा ० वर जातो. २३ ची मूळ जागा ७ आहे, ७ <= ० खोटे, म्हणून तो हलत नाही आणि हरवतो. मास्क लावलेले अंतर वापरा, तेही तिन्ही ठिकाणी.

सेटवर फेरी चालू असताना या पद्धतीने काढू नका. घटक मागे सरकतात, त्यामुळे फेरीत एखादा सुटतो किंवा वळणावर दोनदा भेटतो.

अॅरे वाढवल्यावर काही सापडतात, काही नाही

जुने स्लॉट जसेच्या तसे नव्या अॅरेत उतरवले आहेत. ८ चे १६ केल्यावर ३ आणि १९ यांची मूळ जागा ३ च राहते, पण ११ ची ११ होते, आणि तो मात्र ४ मध्ये पडून आहे. प्रत्येक घटकाची मूळ जागा नव्याने काढावी लागते. क्रम असा ठेवा: जुने अॅरे बाजूला धरा, नवे अॅरे आणि नवा मास्क लावा, `भरलेले` शून्य करा, मग एकेक जिवंत घटक बसवा. त्यासाठी `घाल` वापरत असाल तर `आकार`ही शून्य करा, नाहीतर तो दुप्पट होतो.

मूळ जागाच चुकीची निघते

जावा आणि सी मध्ये -१७ % ८ चे उत्तर -१ येते, पायथनमध्ये ७. जावात मग अॅरेच्या हद्दीबाहेरची एरर येते, ती तरी बरी. सी मध्ये शांतपणे दुसऱ्याच्या मेमरीत लिहिले जाते. यावर मॅथ.अॅब्स (ऋण चिन्ह काढून टाकणारे फंक्शन) लावणे अपुरे आहे, कारण जावात -२१४७४८३६४८ चे अॅब्स पुन्हा -२१४७४८३६४८ च येते. त्याची धन जोडी ३२ बिटांत मावतच नाही. `हॅश & मास्क` वापरा (-१७ & ७ = ७) किंवा मॅथ.फ्लोअरमॉड.

मास्क वापरायचा तर क्षमता २ चा घातच हवी. क्षमता १० दिली तर मास्क ९, बिटांत १००१. मूळ जागा फक्त ०, १, ८ आणि ९ निघतात. त्याहून वाईट म्हणजे `(१ + १) & ९` हे ०, त्यामुळे प्रोबिंग ० आणि १ मध्येच फिरत राहते. ते दोन स्लॉट भरले की तिसरा घटक घालताना प्रोग्राम अडकतो, बाकीचा अॅरे ओस पडलेला असतानाही. वापरणाऱ्याने दिलेली क्षमता सुरुवातीलाच २ च्या पुढच्या घातापर्यंत वाढवा.

सेट बरोबर पण मंद असेल तर घटकांचा साचा पाहा. हजाराच्या पटीतल्या रकमा घटक असतील आणि हॅश म्हणजे तीच संख्या असेल, तर १६ स्लॉटमध्ये मूळ जागा दोनच मिळतात: ० आणि ८. जावाच्या हॅशमॅपमधली युक्ती, वरचे १६ बिट खालच्यांत मिसळणे, इथे कामाची नाही. ६५५३६ पेक्षा लहान संख्येत वर मिसळण्यासारखे काही नसतेच. संख्येला २६५४४३५७६९ ने गुणा (जावात हाच आकडा -१६४०५३१५२७ असा लिहावा लागतो), ३२ बिटांपुरते ठेवा आणि वरचे बिट घ्या: क्षमता २ चा न वा घात असेल तर `>>> (३२ - न)`.

मराठी शब्द घटक असतील तर

टक्कर होणारे शब्द चाचणीला हवेच असतात, आणि मराठीत ते आयते मिळतात. जावा स्ट्रिंगचा हॅश आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढचे अक्षर मिळवतो. युनिकोडमध्ये ख हा क च्या पुढे एक, आणि ट हा काना चिन्हाच्या मागे नेमका ३१. त्यामुळे "का" आणि "खट" दोन्हींचा हॅश ७४४४१. पुढची अक्षरे तीच असली की पूर्ण शब्दही जुळतात: "काका" आणि "खटका" (७१६१२२४२), "काला" आणि "खटला" (७१६१३१४१), "गाणे" आणि "घटणे" (७१६७२२६७). पूर्ण हॅशच सारखा असल्याने क्षमता कितीही वाढवली तरी ही जोडी आदळतेच. सेटमध्ये "काका" घालून "खटका" विचारा. उत्तर "आहे" आले तर कोड फक्त हॅशची तुलना करतो आहे, घटकांची नाही. जावात `==` वापरले असेल तर उलट होते: तीच अक्षरे असलेली दुसरी स्ट्रिंग "नाही" ठरते. तिथे इक्वल्स वापरा.

आता असे प्रकरण, जिथे सेटची काहीच चूक नसते. "वऱ्हाड" आणि "वर्‍हाड" पडद्यावर सारखे दिसतात. पहिल्यात ऱ (यू+०९३१) आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). कुऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा, सगळीकडे हाच प्रश्न. वेगवेगळ्या कीबोर्डवरून आलेल्या मजकुरात दोन्ही रूपे भेटतात आणि सेटच्या दृष्टीने ते दोन घटक आहेत. युनिकोडचे एनएफसी रूप र अधिक नुक्ता यांना ऱ करते, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. म्हणून एनएफसी करून झाल्यावर "र, हलन्त, जॉइनर" या तिकडीच्या जागी "ऱ, हलन्त" लिहा, आणि हे घालताना, शोधताना, काढताना एकाच फंक्शनमधून करा. सगळे जॉइनर सरसकट पुसू नका. तसे केले की त्याचा "वर्हाड" होतो, रफार वर चढतो आणि शब्द बिघडतो.

सेटमध्ये असताना बदलता येणारे ऑब्जेक्ट घटक म्हणून ठेवू नका. बदलले की हॅश बदलतो आणि ते जुन्या वाटेवर अडकून पडते. जावात इक्वल्स लिहिले तर हॅशकोडही त्याच फील्डवरून लिहावा लागतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

हाताने घातलेल्या दहा घटकांवर विश्वास ठेवू नका. ० ते ३१ एवढ्याच संख्या घ्या, क्षमता ८ पासून सुरू करा आणि यादृच्छिकपणे घालणे, काढणे, शोधणे अशा १०,००० क्रिया करा. प्रत्येक उत्तर भाषेतल्या तयार सेटच्या उत्तराशी ताडा आणि प्रत्येक क्रियेनंतर `तपासणी` चालवा. संख्यांचा पल्ला मुद्दाम लहान ठेवायचा, म्हणजे तेच घटक पुन्हा पुन्हा येतात-जातात. लाखभर वेगवेगळ्या संख्यांत काढण्याच्या चुका लपून राहतात. ही फेरी तीन हॅशवर करा: संख्या तशीच, नेहमी ७ देणारा, आणि ऋण उत्तर देणारा. नेहमी ७ देणाऱ्या हॅशमुळे ८ क्षमतेत प्रत्येक वाट टोकावरून वळते. त्यासाठी संख्यांचा पल्ला ० ते ३ असा करून आणखी एक फेरी घ्या, म्हणजे अॅरे ८ चाच राहतो. सीड (यादृच्छिक संख्यांची मालिका ज्या आकड्यापासून सुरू होते तो) ठरावीक ठेवा आणि चूक सापडली की शेवटच्या वीस क्रिया अॅरेच्या चित्रासह छापा. वाट तुटण्याचे कारण बहुधा त्यांतल्या शेवटच्या काढण्यातच दिसते.